नोंदवहीतले बेचाळीस किलो

या, उभे राहा, घाबरू नका. मी वजनकाटा बोलतोय. चपला काढल्यात तर बरं, नाही काढल्यात तरी माझी तक्रार नाही.

मी जुन्या पद्धतीचा आहे. वर गोल काच, काचेखाली आकड्यांची तबकडी, तिच्यावर फिरणारा लाल काटा आणि पाय ठेवायला खरखरीत काळं रबर. पोटात एक जाड स्प्रिंग. मला वीज लागत नाही की सेल लागत नाहीत. माणूस उभा राहिला की स्प्रिंग दबते, काटा सरकतो, आकडा दिसतो. एवढंच माझं काम.

पण स्वभावाने मी फार चौकस आहे. माणूस किती किलोचा आहे हे मला लगेच कळतं. तो तेवढाच का आहे, हे मात्र कधीच कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझी पहिली सहा वर्षं बोईसरला गेली. धर्मेशभाईंच्या औषधांच्या दुकानात, अगदी पायरीपाशी माझी जागा होती. समोरच कारखान्यांच्या बसगाड्या थांबायच्या. पाळी सुटली की माणसांचा लोंढा उतरायचा आणि त्यातले पाच-दहा जण तरी माझ्यावर चढून जायचे. कोणी पोट आत ओढून घ्यायचं, जणू तेवढ्याने मी फसणार होतो. कोणी खिशातला मोबाइल मित्राच्या हातात द्यायचं. बायका आकडा बघायच्या आधी आजूबाजूला कोण उभं आहे ते बघून घ्यायच्या.

बिहारकडचा एक कामगार दर रविवारी माझ्यावर उभा राहून घरी फोन लावायचा. "अम्मा, दो किलो बढ़ गया हूँ," असं सांगायचा. माझा काटा त्या वेळी मागच्या रविवारपेक्षा खालीच असायचा. तो खोटं का बोलतो, याचा मी बरेच दिवस विचार केला. एकदा फोन ठेवल्यावर त्याने बाहीने डोळे पुसले, तेव्हा थोडंसं उमगलं.

पुढे दुकानात हिरवे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि मी कपाटामागे गेलो. तिथे फार दिवस राहिलो नाही. चंद्रभान सर औषधं न्यायला यायचे, त्यांना धर्मेशभाईंनी मला देऊन टाकलं. "सर, तुमच्या निवासात कामाला येईल. जुना आहे, पण आकडा बरोबर दाखवतो."

अशा रीतीने रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून मी केळव्याच्या अलीकडे, सुपारीच्या वाडीला लागून असलेल्या एका बैठ्या इमारतीत आलो.

गावातले लोक त्या इमारतीला नुसतं 'निवास' म्हणतात. तिथे अठरा बायका राहतात. सर्वांत धाकटी बावीस वर्षांची, थोरली साठीच्या घरातली. त्यांच्या कागदांवर 'बौद्धिक अक्षमता' असं लिहिलेलं असतं. काही जणी भरभरून बोलतात, काही दोन-चार शब्द, काही अजिबात नाही. कोणाला घरचं कोणी उरलेलं नाही, कोणाच्या घरचे येतात पण न्यायला जमत नाही म्हणतात. चंद्रभान सर तिथले अधीक्षक. त्यांचा अर्धा आठवडा पालघरच्या कचेऱ्यांत दाखले, प्रमाणपत्रं आणि अनुदानाच्या फायली यांच्यामागे जायचा. सांभाळायला हिराताई आणि आणखी दोन बायका. हिराताईंना तिथे अकरा वर्षं झाली होती.

शनिवार-रविवारी मुंबईची माणसं केळव्याच्या समुद्रावर जाता-जाता निवासात थांबायची. मुलाचा वाढदिवस असायचा, केक असायचा. सगळ्या बायकांना रांगेत बसवून टाळ्या वाजवायला सांगायचे, फोटो काढायचे. माणसं भली होती, केकही चांगला असायचा. पण रांगेत बसलेल्यांपैकी एकीचंही नाव कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पहिली दोन वर्षं माझं काम चालू होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला हिराताईंबरोबरच्या दोघींतली एक बाई मला व्हरांड्यात आणायची, एकेकीला उभं करायची, आकडा वहीत लिहायची. ती बाई जुलैत नोकरी सोडून गेली. तिच्या जागी लगेच कोणी आलं नाही. मला कोठीच्या खोलीत, जुन्या लोखंडी पलंगाखाली सरकवलं आणि माझ्यावर फाटक्या चादरींचा गठ्ठा आला.

आणि आता सांगतो ती गंमत, म्हणजे गंमत कसली! पाच तारीख आली की बाहेर हिराताईंचा आवाज ऐकू यायचा. त्या मागच्या महिन्याचं पान बघून पुढच्या महिन्याचं पान भरायच्या. "ठमी, बेचाळीस. बेचाळीसच असंल." वहीप्रमाणे मी दर महिन्याला अठरा जणींची वजनं घेत होतो. प्रत्यक्षात माझ्या रबरावर पाल झोपत होती.

फेब्रुवारीत स्वाती कामाला लागली.

स्वाती दातिवऱ्याची. घरची होडी, नवरा समुद्रावर, आणि ही वीस वर्षं मासे विकणारी. गुडघा दुखायला लागल्यावर बाजार सोडून तिने ही नोकरी धरली. तिला आंघोळीचं काम दिलं होतं. तिसऱ्या दिवशी ती ठमीला आंघोळ घालून, तिला दोन्ही काखांत धरून खुर्चीवरून उठवत होती. कोठीचं दार उघडं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"हिराताई, ही ठमी किती किलोची हाय?"

"वहीत बघ ना. बेचाळीस."

"बेचाळीस नाय ही. मी वीस वर्सं म्हावऱ्याच्या पाट्या उचलल्यात. सफाळ्याच्या बाजारात डोक्यावर नेल्यात. हाताला समजतं माज्या."

"तुजा हात काय काटा हाय?"

"नाय ना," स्वाती म्हणाली. "मंग काटा कुठंय?"

"असंल कोठीत कुठंतरी," हिराताई पुटपुटल्या.

चादरी बाजूला झाल्या, उजेड आला आणि एक ओला हात माझ्यापर्यंत पोहोचला. सात महिन्यांनी कोणीतरी मला शोधलं होतं. स्वातीने मला फडक्याने पुसलं, काचेत निरखून पाहिलं. माझा काटा शून्याच्या दोन रेघा पुढे येऊन बसला होता. बाजूचं बारीक चाक तिला सापडलं. तिने ते हळूहळू फिरवून काटा शून्यावर आणला.

ठमी मात्र माझ्यावर उभी राहीना. एकतीस वर्षांची, बुटकी, कुरळ्या केसांची ही बाई तोंडाने एक शब्द बोलत नाही. पायाखालचं रबर जरा दबलं की ती घाबरून मागे व्हायची. स्वातीने जबरदस्ती केली नाही. ती आधी एकटी माझ्यावर उभी राहिली: अठ्ठावन्न. मग ठमीला लहान मुलासारखं कडेवर घेतलं: एक्याण्णव.

तेहतीस किलो.

स्वातीने दोन वेळा वजाबाकी केली. मग ती चंद्रभान सरांना बोलवायला गेली.

सर आले, वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काटा बिघडलाय. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकतं का?"

खरं सांगू? माझीही मला खात्री नव्हती. इतके दिवस ओलसर जमिनीवर पडून माझ्या पोटात गंज धरला होता. आपली स्प्रिंग सैल झाली असेल, आपणच चुकत असू, असं मला मनापासून वाटलं. तसंच असावं, असंही वाटलं. कारण आकडा खरा असेल तर त्या बाईच्या अंगातून नऊ किलो गेले होते आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

स्वाती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाची न उघडलेली गोणी घेऊन आली. गोणीवर छापलं होतं, पंचवीस किलो. तिने ती माझ्यावर ठेवली. काटा सरकला, थरथरला आणि पंचवीसच्या रेघेवर थांबला.

सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी वही मागवली. ऑगस्ट, बेचाळीस. सप्टेंबर, बेचाळीस. जानेवारीपर्यंत सगळीकडे बेचाळीस. "माझं स्वतःचं वजनसुद्धा सहा महिने एका आकड्यावर राहत नाही," ते म्हणाले. हिराताई भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

त्याच दुपारी अठराही जणींची वजनं झाली. बहुतेकींची वहीपेक्षा किलो-दीड किलो मागेपुढे होती. फरक होता तो भाविकात. जेवायला ठमीच्या शेजारी बसणारी, तिशीतली गोरीपान भाविका वहीपेक्षा सहा किलोंनी जास्त भरली.

"बघा!" हिराताईंना एकदम जोर आला. "ही तिच्या ताटातलं खाते. चोरटी कुठची!"

"मी चोर नाय," भाविका म्हणाली. ती तुटक बोलते, पण हे वाक्य तिने अगदी स्पष्ट उच्चारलं. कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. सरांनी तिची जागा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला केली. स्वातीलाही ते पटलं. मलाही पटलं. एकीचे किलो कमी, शेजारणीचे जास्त. हिशेब जुळत होता, आणि हिशेब जुळला की पुढचं विचारायचं सुचत नाही.

आता मला जेवणाच्या खोलीत, खिडकीखाली कायमची जागा मिळाली होती. तिथून टेबल स्पष्ट दिसायचं. भाविका लांब बसली, ठमीचं ताट आता सुरक्षित होतं. पुढच्या आठवड्यात ठमीचं वजन घेतलं. बत्तीस.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलं. ताटात सगळं आहे, घेणारं कोणी नाही, तरी वजन उतरतंय. का? मी रोज बघू लागलो. ठमी तांदळाची भाकरी उचलायची, तोंडाशी न्यायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. तळलेली बोंबिलाची तुकडी बोटाने दूर सारायची. शेजारची रिकामी खुर्ची चाचपायची. आणि मग, मधूनच, डाव्या गालावर मूठ मारून घ्यायची. एकदा, दोनदा, दहादा.

"चालू झालं हिचं," हिराताई म्हणायच्या. "सभावच तसा हाय."

गाल लाल व्हायला लागला तेव्हा इजा होऊ नये म्हणून तिच्या हातांत जाड मोजे घालून मनगटाशी नाडीने बांधायला सुरुवात झाली. डॉक्टरांना फोनवर सांगितलं की ठमी फार चिडचिड करते. त्यांनी शांत राहायची एक गोळी दिली. ठमी शांत झाली. अर्धा दिवस झोपू लागली. दुपारचं जेवण झोपेतच चुकू लागलं. साडेएकतीस.

सगळं तिच्या भल्यासाठीच चाललं होतं, हे मला दिसत होतं. मोजे धुतलेले, स्वच्छ असायचे. गोळी वेळेवर दिली जायची आणि तशी नोंदही व्हायची. आणि बाई मात्र दिवसेंदिवस हलकी होत होती.

एक दिवस दुपारी भांडी आवरल्यावर स्वाती टेबलाच्या त्या टोकाला भाविकापाशी जाऊन बसली.

"भाविका, ठमी तुला भाकर देत व्हती का?"

भाविकाने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही फिरवलं. तिसऱ्या दिवशी स्वाती तिच्यासमोर खाली फरशीवर बसली. "माजं चुकलं, भाविका. तू चोर नाय. मी तुला नाय इचारलं, आन् उठवून लांब बसवलं. चुकलं माजं."

भाविका स्वतःच्या ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "ती देते. मला. कडक तिला नको."

"कडक नको?"

"मऊ दे."

अठरा बायकांत दोन वर्षं ठमीच्या शेजारी बसलेली ही एकच. तिला सगळं ठाऊक होतं. फक्त तिला कोणी प्रश्न केला नव्हता, केला होता तो आरोप.

त्या संध्याकाळी ठमीसाठी मऊ भात, वरण आणि काटे काढून कुस्करलेला मासा आला. ती सावकाश, उजव्या बाजूने, सगळं जेवली. भाविका पुन्हा तिच्या शेजारी आली. आठ दिवसांनी माझा काटा बत्तिसाला टेकला. सगळ्यांना हायसं वाटलं. पण मूठ काही थांबेना. मोजे तसेच राहिले. कडक का नको, हे अजून कोणालाच कळलं नव्हतं.

होळीला ठमीचा भाऊ दामू आला. विक्रमगडच्या पलीकडच्या एका पाड्यावर त्यांचं घर. पावसाळ्यात डोंगरउतारावरची थोडी भातशेती आणि दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर काम. आधी तो गणपतीत आला होता, त्यानंतर आताच. येताना कागदाच्या पुडीत बोरं घेऊन आला होता. जेवणाच्या खोलीच्या दारात ठमीला बघून तो थांबलाच.

"किती बारीक झालीय ही," तो हळूच म्हणाला.

ठमीने त्याला ओळखलं. ती हसली. दामूने तिच्या तोंडात एक बोर घातलं. लहानपणापासून तिला बोरं फार आवडायची म्हणे. ठमीने चावलं आणि तिचा चेहरा पिळवटला. बोर बाहेर आलं. मोजा बांधलेला हात धाडकन गालावर बसला.

"हे हाताला काय बांधलंय?" दामूने विचारलं.

"ती मारून घेते ना स्वतःला," चंद्रभान सर म्हणाले. "जखम होऊ नये म्हणून."

"कुठं मारते?"

"गालावर. डाव्या."

"मंग तिथंच दुखत असंल, सायेब." दामू अगदी सहज बोलत होता, रस्ता सांगावा तसा. "ही बारकी असताना हिच्या पायात बाभळीचा काटा मोडला व्हता. तीन दिस त्याच पायावर बुक्क्या मारत व्हती. आयनं काटा काढला, तशी थांबली. कान दुखला तं कानावर मारायची. तिचं सांगणंच तसं हाय."

सरांनी वाकून ठमीचा डावा गाल पाहिला.

"हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" सरांनी विचारलं.

दामूने ओशाळून बहिणीकडे पाहिलं. "कुनी इचारलंच नाय. मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल. तुमी शिकलेली मानसं."

हिराताई पुढे आल्या. त्यांनी खाली बसून ठमीच्या मनगटावरची नाडी सोडली. गाठ घट्ट बसली होती, ती त्यांना दातांनी ओढावी लागली. मोजे निघाले तेव्हा ठमीने दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हिराताई मोजे हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

पुढचं मी पाहिलं नाही, स्वातीच्या तोंडून ऐकलं. पालघरला दातांच्या डॉक्टर हिमानी यांच्याकडे ठमीला नेलं. पहिल्या दिवशी तिने तोंडच उघडलं नाही. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर चढवलं नाही. त्या स्वतः जमिनीवर बसल्या आणि छोटा आरसा तिच्या हातात दिला. तेवढ्यावर ती भेट संपली. दुसऱ्या दिवशी ठमीने तो आरसा स्वातीच्या तोंडात घालून बघितला. त्यानंतर स्वतःचं तोंड उघडलं, क्षणभरच, पण डॉक्टरांना तेवढं पुरलं.

"डावीकडची खालची दाढ पार किडून गेलेली," स्वाती हिराताईंना सांगत होती. "तिच्या मुळाशी पू. बाजूचीबी गेलेली. डाक्टरबाय म्हनाल्या, कोनालाबी यातली एक रात काढवत नाय. हिनं किती म्हयने काढले कोन जाने."

मोठ्या दवाखान्यात भूल देऊन दोन्ही दाढा काढल्या. शांत राहायची ती गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. पंधरा दिवसांनी ठमी जेवणाच्या खोलीत आली, बसली आणि भाविकाच्या ताटातली भाकरी उचलून खाऊ लागली. भाविका खुदकन हसली. "आता ही चोर," ती म्हणाली.

एप्रिल, चौतीस. जूनच्या सुरुवातीला, साडेछत्तीस.

इथे गोष्ट संपली असं वाटेल तुम्हाला. माझ्या मते खरी कसोटी तर पुढेच होती. जूनअखेरीस जिल्ह्याहून निवासाची तपासणी होणार असं पत्र आलं. वह्या तपासल्या जाणार होत्या. वजनाच्या वहीत जानेवारीपर्यंत बेचाळीस आणि फेब्रुवारीत एकदम तेहतीस. कोणाच्याही नजरेत भरेल असं.

"नवी वही घालू या," हिराताई सरांना म्हणाल्या. "थोडं थोडं उतरतं लिवू. मी लिवते बसून."

सरांनी लगेच नाही म्हटलं नाही. मी समोरच होतो. त्यांचा चेहरा मला दिसत होता. निवास बंद झाला तर या अठरा जणी कुठे जाणार, हा विचार त्यांच्या मनात होताच. स्वतःच्या नोकरीचाही असणार. नवी कोरी वही टेबलावर दोन दिवस पडून होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनीच वही उघडली आणि जानेवारीच्या पानाखाली लाल शाईने लिहिलं. लिहिताना मोठ्याने म्हणत होते, म्हणून मला कळलं: "ऑगस्ट ते जानेवारी वजनं प्रत्यक्ष घेतलेली नाहीत. मागचे आकडे उतरवले. जबाबदारी माझी." खाली सही.

"माजं नाव न्हाई लिवलं तुमी," हिराताई म्हणाल्या.

"अठरा जणींना तुम्ही दोघीच. तुम्हाला बघायला वेळ नव्हता, आणि मी बघायलाच आलो नाही," सर म्हणाले.

हिराताई स्वातीशी जवळजवळ महिनाभर धड बोलत नव्हत्या. तिच्यामुळे अकरा वर्षांच्या नोकरीवर डाग आला, असं त्यांना वाटे. मग एक दिवस त्याच एक कोरी फुलस्केप वही घेऊन स्वातीच्या शेजारी बसल्या. "मला म्हाईत हाय ते मी सांगते, तू लिव," म्हणाल्या. तुम्हाला सांगतो, ते ऐकताना मी थक्क झालो. अकरा वर्षांत त्या बाईने काय काय टिपून ठेवलं होतं! एकीला ताप यायचा असला की ती चपला उलट्या घालते. एकीचं पोट दुखलं की ती दाराला डोकं टेकवून उभी राहते. एक जण एरवी सारखी गाते. ती गायची थांबली की तिला काहीतरी होतंय असं समजावं. हे सगळं हिराताईंच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. त्या रजेवर गेल्या की तेही त्यांच्याबरोबर जायचं. जिथे त्यांना माहिती नव्हतं, तिथे घरच्यांना फोन लावले. जिला घरचं कोणी नाही, तिच्या शेजारणीला विचारलं.

ठमीच्या पानावर पहिलं वाक्य दामूचं आहे: जिथं दुखतं तिथं मारते.

तपासणी झाली. आलेल्या अधिकारी बाईंनी लाल शाईतल्या ओळी दोनदा वाचल्या. निवासाला नोटीस आली, सरांना लेखी खुलासा द्यावा लागला. निवास बंद मात्र झाला नाही. मदतीला आणखी एक बाई मंजूर झाली, तीही पाच महिन्यांनी. दातांची तपासणी आता वर्षातून एकदा सगळ्यांची होते. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. न्हाणीघराची फरशी अजून निसरडी आहे आणि तिच्या दुरुस्तीचा अर्ज अजून फायलीत आहे. अठरा जणींना आता चौघी आहेत. पुरेशा आहेत का? मला तरी नाही वाटत.

आता माझं म्हणाल, तर माझं वय झालं. काचेला एक चीर गेलीय, रबराची एक कड सुटलीय. साठच्या पुढे काटा जरा दमाने सरकतो. दर महिन्याला तांदळाची गोणी ठेवून माझी परीक्षा होते. अजून तरी मी पास होतो. ठमी एक्केचाळीस किलोंची आहे आणि आता माझ्यावर एकटी उभी राहते.

परवाचीच गोष्ट सांगतो. पाच तारीख होती. वजनं घ्यायला हल्ली सर स्वतः बसतात. सतरा जणींची झाली आणि भाविका हाताची घडी घालून दारात उभी राहिली.

"नाय," ती म्हणाली.

"का गं?" स्वातीने विचारलं. "बरं वाटत नाय का? कुठं दुखतंय?"

"नाय. आज नको."

स्वातीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. सकाळी जेवली होती, हसतखेळत होती. सर हातात पेन घेऊन वाट बघत होते. भाविकाच्या रकान्यात मागच्या महिन्याचा आकडा होताच, त्यांच्या नजरेसमोर. तो उतरवायला किती वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

त्यांनी पेन टेकवलं आणि काहीतरी बरंच लांब लिहिलं. आकडा एवढा लांब नसतो.

"काय लिवलं?" भाविका पुढे आली. "माजं काय लिवलं?"

सरांनी वही तिच्याकडे वळवली आणि शब्दांवर बोट फिरवत वाचून दाखवलं: "भाविका आज नको म्हणाली. तब्येत बरी आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं."

भाविकाने तीन वेळा ते वाचून घेतलं. मग ठमीला हाताला धरून आणलं आणि त्या ओळीवर तिचंही बोट ठेवलं. "माजं 'नाय'," ती ठमीला म्हणाली, "वहीत हाय."

मला आकडा मिळाला नाही. तिने असं का केलं, हेही मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात सर पुन्हा विचारतील, तोवर मी थांबेन.

तुमचं वजन झालं. उतरलात तरी चालेल. पुन्हा कधी केळव्याला समुद्रावर निघालात तर वाटेत आमच्याकडे जरूर थांबा, केक आणलात तरी हरकत नाही. पण आलात की एखादीच्या शेजारी बसा, तिचं नाव विचारा, आणि ती उत्तर देईपर्यंत बसून राहा.